नर्सिंगचा प्रवेश आणि पहिली नोकरी: आधी वॉर्ड पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

प्रवेशाचे दिवस आले की ठाण्यापासून पनवेलपर्यंतच्या रेल्वे स्थानकांबाहेर नर्सिंग कॉलेजांचे फलक लागतात. ‘शंभर टक्के नोकरी’ हे त्यांवरचे हमखास वाक्य. बारावी झालेल्या मुलीचे आई-वडील फलकावरची इमारत पाहतात, फी विचारतात आणि घरापासूनचे अंतर मोजतात. जे विचारायला हवे ते बहुधा राहून जाते. आम्ही हे पत्र लिहिणाऱ्या सगळ्या जणी नर्सिंग शिकवण्यात आणि वॉर्ड सांभाळण्यात मुरलेल्या आहोत. आमचे मत स्पष्ट आहे. या शिक्षणात आणि पुढच्या पहिल्या नोकरीत मुले-मुली मागे पडतात ती बुद्धी कमी पडते म्हणून क्वचितच. शिकताना कुणाच्या तरी नजरेखाली पुरेसे रुग्ण हाताळायला मिळत नाहीत आणि कागदपत्रांच्या तारखा चुकतात, ही खरी कारणे. दोन्ही टाळता येण्यासारखी आहेत, म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

आधी अभ्यासक्रम. एएनएम (सहायक परिचारिका-प्रसविका) दोन वर्षांचा, जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसविका) तीन वर्षांचा आणि बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा. बीएस्सीला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते, खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. जीएनएमला कोणतीही शाखा चालते. बारावीला ४० टक्के आणि इंग्रजी विषय उत्तीर्ण असावा लागतो. वयाची १७ वर्षे प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत पूर्ण हवीत. विज्ञान शाखेच्या मुलीला ‘जीएनएम करून टाक, लवकर नोकरी लागेल’ असा सल्ला सर्रास दिला जातो. जीएनएमनंतर पदवी हवी झाली तर पोस्ट बेसिक बीएस्सीची आणखी दोन वर्षे जातात, म्हणजे एकूण पाच. गुण आणि पैसा यांची सोय होत असेल तर थेट बीएस्सी करावे. सोय होत नसेल तर जीएनएममध्ये काहीही कमीपणा नाही. वॉर्डात रुग्णाला हा फरक कळत नाही आणि चांगल्या जीएनएम नर्सला कुठलेही रुग्णालय नाकारत नाही.

बीएस्सीसाठी राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिचे अर्ज बहुधा बारावीच्या परीक्षेआधी किंवा तिच्या आसपासच निघतात आणि बंदही होतात. ‘निकाल लागू दे, मग पाहू’ म्हणणाऱ्या कुटुंबाचे वर्ष इथेच जाते. तिन्ही विज्ञान विषयांबरोबर इंग्रजी आणि नर्सिंग अ‍ॅप्टिट्यूडचे प्रश्न असतात, त्यामुळे नुसती जीवशास्त्राची तयारी पुरत नाही. पैशाच्या बाजूने एक गोष्ट अजून अनेक घरांपर्यंत पोचलेली नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे, कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट एवढीच की प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की ही माफी गेली. फेरीत नाव येण्याआधीच ‘जागा धरून ठेवतो’ म्हणून पैसे मागणाऱ्याला हेच कारण सांगून थांबवावे. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला आणि नॉन-क्रीमी लेयर ही कागदे मार्च-एप्रिलमध्येच तहसील कार्यालयातून किंवा सेतू केंद्रातून, आणि जात पडताळणी जिल्हा जात पडताळणी समितीकडून काढायला घ्यावी. जूनमध्ये तिथे रांगा असतात.

आता कॉलेज. कॉलेजला मान्यता आहे का, हे महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या यादीत पाहावे. बीएस्सी असेल तर नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची त्या वर्षीची संलग्नता आणि जागांची संख्या पाहावी, जीएनएम-एएनएम असेल तर महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची. हे पाच मिनिटांचे काम आहे. खरा वेळ पुढच्या प्रश्नाला द्यावा: या कॉलेजचे रुग्ण कुठे आहेत?

नर्सिंग कॉलेजला स्वतःचे किमान १०० खाटांचे रुग्णालय हवे आणि प्रात्यक्षिकात एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असावेत, ही भारतीय परिचर्या परिषदेची अपेक्षा आहे. कागदावर बहुतेक कॉलेजे ती पूर्ण करतात. पण खाटा असणे वेगळे आणि त्यांवर रुग्ण असणे वेगळे. ३० मुली एका सकाळी वॉर्डात उतरल्या तर त्यांना ९० रुग्ण हवेत. शंभर खाटांच्या रुग्णालयात आठ-दहाच रुग्ण असतील तर एका रुग्णाभोवती तिघी-चौघी उभ्या राहतात. एक बीपी मोजते, बाकीच्या आकडा लिहून घेतात. तीन वर्षे अशी गेली की हातात काही राहत नाही. म्हणून प्रवेशाआधी कामाच्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास त्या रुग्णालयाच्या ओपीडीत जाऊन बसावे. केसपेपरच्या खिडकीवर गर्दी आहे का, विद्यार्थिनींचा गणवेश वॉर्डात दिसतो की सगळ्या जणी वर्गातच आहेत, त्यांच्याबरोबर ट्यूटर आहे का, हे तासाभरात कळते. एका ट्यूटरमागे साधारण दहा विद्यार्थी असावेत. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींना कॉलेजबाहेर गाठून विचारावे: आतापर्यंत स्वतः किती कॅन्युला (सलाइनसाठी शिरेत बसवायची नळी) लावल्या, किती प्रसूती स्वतः केल्या? ही उत्तरे फी-पत्रकापेक्षा जास्त सांगतात.

आपल्या पट्ट्यात या बाबतीत खरे तर चणचण नाही. नेरूळ, कामोठे इथल्या काही शिक्षणसंस्थांची स्वतःची मोठी रुग्णालये आहेत. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नवी मुंबई महापालिकेची वाशी, नेरूळ आणि ऐरोलीची रुग्णालये, उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय इथे रुग्णांची रीघ असते. मनोविकार परिचर्येसाठी ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, १९०१ पासूनचे. त्यामुळे ‘आमच्याकडे स्वतःचे रुग्णालय लहान आहे, पण पोस्टिंगसाठी करार आहेत’ असे कॉलेज सांगेल तेव्हा पुढचा प्रश्न विचारावा: कोणत्या रुग्णालयाशी, कोणत्या विषयासाठी, वर्षातले किती आठवडे? प्रसूतीच्या पोस्टिंगबद्दल विशेष विचारावे. खासगी रुग्णालयात विद्यार्थिनीला प्रसूती फक्त दुरून पाहायला मिळते; डॉक्टर आणि नातेवाईक दोघेही हात लावू देत नाहीत. महापालिकेच्या माता-बाल रुग्णालयातली पोस्टिंग असेल तरच अभ्यासक्रमाने ठरवलेली संख्या प्रामाणिकपणे भरते. मुलग्यांनाही हे पोस्टिंग करावे लागते, ते टाळता येत नाही. सामुदायिक आरोग्याचे पोस्टिंग मुरबाड-शहापूरकडे किंवा पनवेल-उरणकडे प्राथमिक आरोग्य केंद्रात असेल तर बसची व्यवस्था कॉलेज करते का आणि तिचे पैसे फीमध्ये धरलेत का, हेही आधीच पाहावे.

प्रवेश झाला की पहिली अडचण हजेरीची. परीक्षेला बसण्यासाठी थिअरी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत ८० टक्के हजेरी लागते, हे सगळ्यांना ठाऊक असते. पदवी मिळण्याआधी प्रत्येक विभागातले प्रात्यक्षिकाचे तास १०० टक्के भरावे लागतात, हे अनेकींना शेवटच्या वर्षी कळते. टायफॉइड झाला, घरात लग्न निघाले, दोन आठवडे बुडाले. ते तास सुट्टीत भरून काढावे लागतात. महिन्याच्या महिन्याला आपले विभागवार तास आपल्या वहीत लिहून कॉलेजच्या रजिस्टरशी ताडून पाहावेत, आणि लॉगबुकवर त्याच दिवशी सही घ्यावी. सहा महिन्यांनी एकदम सह्या घ्यायला गेले की ट्यूटर बदललेली असते.

अभ्यासात घसरण होते ती बहुधा पहिल्या वर्षीच्या अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीत आणि पुढे फार्माकॉलॉजीत. उत्तीर्ण व्हायला थिअरी आणि प्रात्यक्षिकात वेगवेगळे ५० टक्के लागतात. एकात ७० आणि दुसऱ्यात ४५ मिळाले तर बेरीज कामाला येत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुली कमी पडतात असा समज आहे, तो चुकीचा आहे. त्या पहिले सहा महिने अडखळतात आणि रोज इंग्रजीत एक पान स्वतः लिहिले तर सावरतात. गाइडमधली वाक्ये पाठ करणाऱ्या मात्र शेवटपर्यंत अडखळत राहतात. उत्तरपत्रिकेतली सर्वांत मोठी चूक वेगळीच आहे. न्यूमोनियावर दीर्घोत्तरी प्रश्न आला की मुली कारणे, लक्षणे, तपासण्या, औषधे असे डॉक्टरचे उत्तर लिहितात आणि नर्सने काय करायचे याला शेवटी चार ओळी उरतात. गुणांचा मोठा वाटा तिथेच असतो. रुग्णाला कसे बसवायचे, ऑक्सिजन सॅच्युरेशन किती वेळाने पाहायचे, पाणी किती द्यायचे, कफ कसा काढायला लावायचा आणि प्रत्येक कृतीचे कारण काय, हे अर्धे उत्तर व्हायला हवे. केअर प्लॅन सीनियरच्या फाइलमधून उतरवले की हीच सवय सुटते.

हिशेबांबद्दल थोडे थांबून लिहितो, कारण मुलाखतीत सर्वाधिक मुली इथेच अडकतात आणि वॉर्डात तर चुकीला जागाच नाही. सलाइनचा वेग काढायचा तर एकूण मिलिलिटर गुणिले सेटचे (सलाइनच्या नळीचे) दर मिलिलिटरचे थेंब, भागिले मिनिटे. नेहमीच्या सेटमध्ये १ मिलिलिटरचे २० थेंब होतात, मायक्रो सेटमध्ये ६०. ५०० मिलिलिटर आठ तासांत द्यायचे तर ५०० गुणिले २०, भागिले ४८०, म्हणजे मिनिटाला सुमारे २१ थेंब. पण काही सेट १५ थेंबांचे असतात. पाकिटावरचा आकडा वाचल्याशिवाय मोजायला सुरुवात करू नये. मायक्रो सेटला तासाला जितके मिलिलिटर तितकेच मिनिटाला थेंब, हे लक्षात ठेवले की लहान मुलांच्या वॉर्डात गोंधळ होत नाही.

इन्सुलिनची चूक याहून घातक. आपल्याकडे १ मिलिलिटरमध्ये ४० युनिटची बाटली सर्रास मिळते आणि १०० युनिटचीही मिळते. सिरिंजही दोन प्रकारच्या: लाल टोपणाची ४० ची, नारिंगी टोपणाची १०० ची. १०० च्या बाटलीतले इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत घेतले तर रुग्णाला १० ऐवजी २५ युनिट जातात आणि पहाटेपर्यंत त्याची साखर कोसळते. उलट केले तर १० ऐवजी ४ च जातात. म्हणून आधी बाटली वाचायची, मग सिरिंज उचलायची. पोटॅशियम क्लोराइडच्या १० मिलिलिटरच्या १५ टक्के अँप्यूलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम असते. ते शिरेतून थेट कधीही द्यायचे नसते, सलाइनमध्ये नीट मिसळूनच द्यायचे. थेट दिले तर हृदय थांबते. आयसीयूच्या मुलाखतीत विचारला जाणारा नमुन्याचा हिशेब असा: नॉरअ‍ॅड्रिनॅलिन ४ मिलिग्रॅम, ५० मिलिलिटरमध्ये, रुग्णाचे वजन ६० किलो, किलोमागे मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम द्यायचे आहे. पंप किती ठेवाल? एका मिलिलिटरमध्ये ८० मायक्रोग्रॅम. मिनिटाला ६, तासाला ३६० मायक्रोग्रॅम. ३६० भागिले ८०, उत्तर ताशी ४.५ मिलिलिटर. असे दहा हिशेब रोज, कॅल्क्युलेटरशिवाय, दोन महिने केले तर भीती जाते.

प्रात्यक्षिक परीक्षेत गुण जातात ते अवघड कौशल्यात नव्हे. हात न धुणे, रुग्णाचे नाव आणि नोंदणी क्रमांक दोन्ही न तपासणे, काय करणार ते रुग्णाला न सांगणे, नाडी पंधरा सेकंद मोजून चारने गुणणे, बीपीचा पट्टा कपड्यावर बांधणे, इथे जातात. कचऱ्याच्या पिशव्यांचा प्रश्न हमखास येतो: रक्त लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत, आयव्ही सेट आणि ग्लोव्हज लाल पिशवीत, सुया सुईने न भेदता येणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काचेच्या अँप्यूल निळ्या डब्यात. वॉर्डातली सवय पक्की असेल तर यासाठी वेगळा अभ्यास लागत नाही.

पहिल्या पोस्टिंगआधी हिपॅटायटिस-बीच्या लसीचे तीन डोस सुरू झालेले हवेत: आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांचे प्रमाण) तपासून घ्यावे. १० च्या वर असेल तर संरक्षण आहे. सुई टोचली तर जागा साबण-पाण्याने धुवायची, दाबून रक्त काढायचे नाही, आणि ताबडतोब इनचार्ज सिस्टरना सांगून कॅज्युअल्टीत जायचे. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत सुरू व्हायला हवे. ७२ तासांनंतर त्याचा उपयोग नाही. ओरडा बसेल म्हणून मुली लपवतात. ओरडणारी इनचार्ज चुकते आहे, सांगणारी विद्यार्थिनी नाही.

निकाल लागला की आनंदात दोन-तीन महिने जातात आणि तिथे दुसरी मोठी गळती होते. परिचर्या परिषदेची नोंदणी हाती येईपर्यंत कायद्याने तुम्ही नर्स नसता. निकालाच्या आठवड्यातच गुणपत्रिका, उत्तीर्ण प्रमाणपत्र आणि इंटर्नशिपचा दाखला कॉलेजकडे मागावा आणि परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करावा. अर्ज अडतो तो नावावरून. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरे, विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर तिसरे. हे शेवटच्या वर्षात असतानाच दुरुस्त करून घ्यावे. लग्नानंतरचे नाव लावायचे असेल तर आधी नोंदणी, मग नाव-बदल. परिचारिका आणि प्रसविका अशा दोन्ही नोंदी मिळाल्या का ते पाहावे, आणि राष्ट्रीय नोंदवहीतला एनयूआयडी क्रमांक घ्यावा. नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण असते. स्वस्त म्हणून परराज्यात शिकायला जाणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की तिथल्या परिषदेची नोंदणी, तिचे ना-हरकत आणि मग महाराष्ट्राची नोंदणी या फेऱ्यांत महिने जातात.

मान्यताप्राप्त रुग्णालये नोंदणी तपासल्याशिवाय नर्सला स्वतंत्र काम देत नाहीत. ‘ट्रेनी’ म्हणून घेतात. नोंदणी येईपर्यंत ट्रेनी राहणे ठीक. नोंदणी दाखवल्यावरही वर्षभर ट्रेनीच ठेवले जाते तेव्हा ते फक्त कमी पगाराचे नाव असते. नेमणूकपत्रात लिहून घ्यावे की नोंदणी सादर केल्याच्या महिन्यापासून स्टाफ नर्सचा पगार लागू होईल. मूळ गुणपत्रिका आणि मूळ नोंदणी प्रमाणपत्र कुठेही जमा करू नये. दाखवावे, छायाप्रत द्यावी आणि परत घ्यावे. दोन वर्षांचा बॉन्ड आणि सोडल्यास मोठी रक्कम अशी अट असेल तर त्या सहीआधी घरच्यांशी बोलावे.

पगाराचा आकडा ऐकताना तो हातात येणारा आहे की कंपनीचा एकूण खर्च, हे विचारावे. मालकाचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा त्यातच धरून आकडा फुगवलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर केंद्राच्या समितीने खासगी रुग्णालयांसाठी शिफारस केली ती अशी: २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार, १०० ते २०० खाटांना त्याहून फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० ला फार तर २५ टक्के कमी आणि ५० पेक्षा कमी खाटा असतील तरी महिन्याला २० हजारांच्या खाली नाही. ठाणे-नवी मुंबईतले कोणते रुग्णालय हे पाळते, ते प्रत्येकीने ऑफर हातात आल्यावर स्वतः ताडून पाहावे.

पण पहिल्या नोकरीत पगारापेक्षा दोन गोष्टींना आम्ही जास्त वजन देऊ. एक, नव्या नर्सला किती आठवडे प्रशिक्षण आहे आणि त्या काळात ती ड्युटीच्या संख्येत मोजली जाते का? मोजली जात असेल तर ते प्रशिक्षण नाही. दोन, रात्री एका नर्सकडे किती रुग्ण असतात? सामान्य वॉर्डात एका नर्समागे सहा आणि आयसीयूत व्हेंटिलेटरच्या एका रुग्णामागे एक नर्स, हे मान्य प्रमाण आहे. मुलाखतीत एचआरला विचारू नये; त्याच मजल्यावरच्या नर्सला विचारावे. दुसऱ्या आठवड्यात ‘आज आयसीयूत माणूस कमी आहे, तू जा’ असे सांगितले जाते तेव्हा नवी मुलगी नाही म्हणू शकत नाही. तिने किमान एवढे म्हणावे: मी जाते, पण इनोट्रोप (हृदय व रक्तदाब सांभाळणारी औषधे) आणि व्हेंटिलेटर मी एकटी हाताळणार नाही, बरोबर कोण आहे? हे नाव ड्युटी रजिस्टरमध्ये लिहावे.

पहिल्या तीन महिन्यांच्या चुका ठरलेल्या आहेत. ओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना आधीच्या नर्सकडून रुग्णांची माहिती, काउंटरवर बसून घेणे ही पहिली. प्रत्येक खाटेपाशी जाऊन, चालू सलाइनमध्ये काय आहे, कॅन्युला कधीची आहे, युरीन बॅगेत किती आहे, हे डोळ्यांनी पाहून ओव्हर घ्यावा. औषध देण्याआधी चार्टवर सही करून ठेवणे ही दुसरी; मध्येच बेल वाजते आणि औषध राहते, सही मात्र दिसते. फोनवरची ऑर्डर पुन्हा वाचून दाखवल्याशिवाय घेणे ही तिसरी. रक्त चढवताना दोघींनी पिशवी आणि रुग्ण जुळवून पाहायचे, रक्तपेढीतून आल्यापासून अर्ध्या तासात सुरू करायचे, पहिली पंधरा मिनिटे रुग्णाजवळून हलायचे नाही आणि चार तासांत संपवायचे. तो पाव तास देण्याइतकेही मनुष्यबळ वॉर्डात नसेल तर इनचार्जना लेखी कळवावे. नातेवाईक अंगावर धावून आले तर डॉक्टरांप्रमाणे परिचारिकांनाही २०१० च्या राज्य कायद्याचे संरक्षण आहे आणि तक्रार नोंदवणे ही रुग्णालयाचीही जबाबदारी आहे.

येण्याजाण्याचा हिशेब आधीच करावा. दुपारची ड्युटी नऊला संपते असे सांगतात; ओव्हर देऊन बाहेर पडायला साडेनऊ-पावणेदहा होतात. नेरूळहून ट्रान्सहार्बरने ठाणे आणि तिथून बदलापूर-टिटवाळा म्हणजे घरी पोचायला मध्यरात्र, आणि रोटेशनमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळची ड्युटी. निम्म्या मुली पगारावरून नव्हे तर याच दमछाकीने पहिली नोकरी सोडतात, असे आमचे निरीक्षण आहे. पहिले सहा महिने तरी रुग्णालयाच्या हॉस्टेलची किंवा जवळच्या खोलीची व्यवस्था पाहावी. हॉस्टेलचे भाडे पगारातून किती कापतात, ते विचारावे.

सरकारी आणि महापालिकेच्या भरतीत पदाचे नाव अधिपरिचारिका, स्टाफ नर्स किंवा नर्स-मिडवाइफ असे वेगवेगळे असते. जाहिरात त्या नावांनी शोधावी. उमेदवार बाद होतात ते परीक्षेत कमी आणि तारखांत जास्त. परिषदेची नोंदणी, नॉन-क्रीमी लेयर आणि आरक्षणाची इतर कागदे अर्जाच्या शेवटच्या तारखेला वैध असावी लागतात. नंतर मिळालेली चालत नाहीत. एम्सच्या नॉरसेट परीक्षेला बीएस्सीवाल्यांना अनुभवाची अट नाही, जीएनएमवाल्यांना किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये काढलेली दोन वर्षे तिथे मोजली जात नाहीत. आखाती देशांत जायचे तर अनुभवाच्या दाखल्याची पडताळणी थेट रुग्णालयाकडून होते. बंद पडलेल्या किंवा ईमेलला उत्तर न देणाऱ्या रुग्णालयाचा दाखला तिथे अडतो. सोडताना नोटिशीचा काळ पूर्ण करून लेटरहेडवर पद, विभाग, खाटांची संख्या आणि दोन्ही तारखा लिहिलेला दाखला घेऊनच बाहेर पडावे.

आमच्या मागण्या तीन. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी आपल्या रुग्णालयांत कोणत्या कॉलेजच्या किती विद्यार्थ्यांना कोणत्या विभागात पोस्टिंग दिले आहे, ती यादी दर वर्षी मे महिन्यात जाहीर करावी. पालकांना तेवढ्यावरून कॉलेज निवडता येईल. रुग्णालयांनी नर्सच्या जाहिरातीत हातात येणारा पगार, प्रशिक्षणाचे आठवडे आणि रात्रपाळीतले रुग्णांचे प्रमाण छापावे. आणि कोणत्याही रुग्णालयात, सरकारी असो वा खासगी, नोंदणी होऊन तीन महिने पूर्ण न झालेल्या नर्सला रात्री वॉर्डात एकटीला ठेवू नये. आपल्या वृत्तपत्राने प्रवेशाच्या पुरवणीत कॉलेजांच्या नावापुढे फीबरोबर त्यांच्या रुग्णालयाचे नाव आणि खाटांची संख्याही द्यावी, ही विनंती.

आपल्या,
ठाणे व नवी मुंबईतील काही निवृत्त पाठ्यनिर्देशिका आणि परिसेविका